दाढीच्या साबणाचे आयुष्य

दाढीच्या साबणाची शंभर ग्रॅमची कठीण वडी रोज दाढी करणाऱ्या माणसाला साधारण चार ते सहा महिने पुरते. एका दाढीला अर्धा-पाऊण ग्रॅम, हात सैल असला तर ग्रॅमभर साबण ब्रशावर येतो. बाकीचा फेस म्हणजे पाणी आणि हवा. पण वडी किती दिवस पुरते एवढ्यावर या साबणाचे आयुष्य संपत नाही. फेस गालावर किती मिनिटे टिकतो आणि न वापरलेली वडी कपाटात किती वर्षे चांगली राहते, हेही त्यात मोजावे लागते. गेल्या अडीचशे वर्षांत दाढी कोणी करायची, कुठे करायची आणि किती वेळा करायची हे बदलत गेले. त्याबरोबर या तिन्ही हिशेबांचे महत्त्वही कमी-जास्त होत राहिले.

दाढीसाठी वेगळा साबण असावा ही कल्पना मुळात फार जुनी नाही. भूमध्य समुद्राच्या काठी सोडा असलेल्या वनस्पतींच्या राखेपासून आणि ऑलिव्ह तेलापासून कठीण साबण होत असे. अलेप्पो आणि कॅस्टील ही त्याची नावाजलेली ठिकाणे. उत्तर युरोपात लाकडाच्या राखेतल्या पोटॅशपासून मऊ, बुळबुळीत साबण निघे. न्हाव्याच्या हाती यांपैकी जे येई तेच दाढीला लागे. बहुधा तो सुगंधी साबणाचा गोळा असायचा. मानेला बसेल अशी अर्धचंद्राकार खाच असलेल्या परातीत पाणी घेऊन न्हावी त्यात हा गोळा घोळवी आणि फेस हाताने गालावर चोळी. सर्व्हांतेसच्या डॉन क्विक्झोटने मंतरलेले शिरस्त्राण समजून डोक्यावर चढवली ती अशीच पितळी परात. या कादंबरीचा पहिला भाग १६०५ साली प्रसिद्ध झाला, म्हणजे तेव्हा ही परात वाचकांच्या रोजच्या ओळखीची होती. ऑलिव्ह तेलाच्या साबणाचा फेस मात्र पातळ असतो आणि लवकर वाळतो. गिऱ्हाईक खुर्चीत असेपर्यंत न्हावी पुन्हा पुन्हा फेस चोळत राही, त्यामुळे ही उणीव कोणाला फारशी जाणवत नसे.

ती जाणवू लागली माणूस स्वतःची दाढी स्वतः करू लागल्यावर. पॅरिसमधील सुऱ्या-वस्तरे बनवणारा कारागीर झाँ-झाक पेरे याने १७६९ साली ‘पोगोनोटोमी’ हे पुस्तक लिहिले. स्वतःची दाढी स्वतः कशी करावी, वस्तऱ्याला धार कशी लावावी आणि साबण कसा निवडावा हा त्याचा विषय होता. त्याच शतकात फ्रान्समध्ये बिजूच्या केसांचा दाढीचा ब्रश रूढ झाला. फ्रेंचमध्ये त्या प्राण्याला आणि ब्रशाला आजही एकच शब्द आहे, ‘ब्लेरो’. साबणाच्या आयुष्याच्या दृष्टीने ब्रश ही फार मोठी गोष्ट होती. हाताने चोळताना साबणाचा बराच भाग पाण्याबरोबर वाहून जातो. ब्रशाचे केस पाणी धरून ठेवतात, त्यात हवा कोंडतात आणि थोड्या साबणाचा भरपूर फेस करतात.

दख्खनच्या गावात मात्र दाढीला साबण लागतच नव्हता. न्हावी हा बलुतेदार. धोपटीत वस्तरा, कात्री, नराणी, सहाण, आरसा आणि पाण्याची छोटी वाटी घेऊन तो दारी येई. पाण्याने गाल भिजवून तो ते बोटांनी बराच वेळ चोळी आणि मग वस्तरा फिरवी. केस मऊ करण्याचे निम्मे काम पाणी आणि हे चोळणेच करते. केसाला पाणी शोषायला दोन-तीन मिनिटे लागतात आणि ओला केस कापायला कोरड्यापेक्षा खूप कमी जोर लागतो. साबण ते पाणी केसाजवळ धरून ठेवतो आणि पात्याला घसरण देतो. सुगीला धान्याच्या रूपाने मोबदला मिळणाऱ्या व्यवहारात दर आठवड्याच्या दाढीसाठी रोख पैसे मोजून साबण आणणे न्हाव्यालाही सोयीचे नव्हते आणि गावालाही. ‘साबण’ हा शब्द अरबी ‘साबून’शी नाते सांगतो. तो शब्द आणि ती वस्तू मराठी मुलखात आली तरी अंग धुण्याला हरभऱ्याचे पीठ आणि केसांना रिठा-शिकेकाई हेच दीर्घकाळ चालत राहिले.

दाढीच्या साबणाला स्वतंत्र रूप मिळाले ते रसायनशास्त्रामुळे. निकोलस लब्लां याने मिठापासून सोडा बनवण्याच्या पद्धतीचे पेटंट १७९१ साली घेतले आणि साबणाचा कच्चा माल वनस्पतींच्या राखेच्या बंधनातून सुटला. पुढे मिशेल यूजीन शेव्ह्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने चरबी नेमकी कशाची बनते हे उलगडले. १८११ पासून केलेल्या या कामाचा ग्रंथ १८२३ मध्ये निघाला. चरबी म्हणजे ग्लिसरीन आणि निरनिराळी मेदाम्ले यांचे संयुग आहे, आणि अल्कलीने ते फुटून साबण होतो, हे त्याने दाखवले. यांपैकी स्टिअरिक आम्ल दाढीच्या साबणाचा कणा ठरले. ते बाजारात मुबलक झाले ते मात्र मेणबत्त्यांमुळे. मऊ न पडता ताठ उभ्या राहणाऱ्या, धूर न करणाऱ्या मेणबत्त्यांसाठी स्टिअरिनचे कारखाने निघाले आणि साबणवाल्यांना शुद्ध स्टिअरिक आम्ल विकत मिळू लागले. शेव्ह्रल १०२ वर्षे जगला, म्हणून आपल्या शोधातून उभा राहिलेला हा सगळा उद्योग त्याला डोळ्यांनी पाहता आला.

अंगाच्या आणि दाढीच्या साबणात फरक इथेच आहे. खोबरेल तेलातल्या लॉरिक आम्लाचा फेस चटकन होतो, मोठ्या बुडबुड्यांचा असतो आणि तितक्याच चटकन बसतो. स्टिअरिक आम्लाचा फेस उशिरा येतो, पण तो दाट आणि बारीक कणाचा असतो व मिनिटेच्या मिनिटे उभा राहतो. सोडियम हायड्रॉक्साइड वापरले तर स्टिअरेट इतके कठीण होते की ब्रशावर येतच नाही. पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरले तर साबण मऊ होतो, पाण्यात सहज विरघळतो, पण त्याची वडी उभी राहत नाही. म्हणून दाढीच्या साबणात दोन्ही अल्कली एकत्र घालतात. पोटॅशचे प्रमाण वाढवले की फेस सोपा होतो आणि वडी लवकर झिजते, सोड्याचे वाढवले की वडी पुरते पण फेसासाठी हात चालवावा लागतो. वडी किती महिने जाईल हे कारखान्यात, या दोन अल्कलींच्या मापातच, बरेचसे ठरून जाते. त्यात साबण बनताना निघणारे ग्लिसरीन काढून न टाकता आतच ठेवले, किंवा वरून घातले, तर फेस गालावर वाळत नाही.

वडी कमी-जास्त पुरण्याचे दुसरे कारण पाण्याचे. ताज्या साबणात बरेच पाणी असते. साबणाचे काप वाळवून ते दगडी किंवा पोलादी रुळांमधून दोन-तीनदा दळले आणि मग दाबून वडी केली की पाणी कमी होते आणि वडी घट्ट बनते. अशा दळलेल्या साबणाच्या शंभर ग्रॅममध्ये खरा साबण जास्त असतो. उलट इटलीत लोकप्रिय असलेला, बोटाने दाबला जाईल असा मऊ दाढीचा साबण तेवढ्याच वजनात लवकर संपतो. वजन सारखे असूनही एक साबण दुसऱ्यापेक्षा दीड-दोन पट का पुरतो, याचे उत्तर बहुतेक वेळा इतकेच असते.

अमेरिकेत जे. बी. विल्यम्स या कंपनीची सुरुवात १८४० साली कनेटिकटमध्ये झाली. तिने मगाच्या तळाशी बसेल अशी गोल वडी मोठ्या प्रमाणावर विकली. मग आणि वडी ही जोडी अमेरिकी घरांत आणि न्हाव्याच्या दुकानांत पक्की बसली. इंग्लंडमध्ये साबणावर कर होता. तो १८५३ साली अर्थमंत्री ग्लॅडस्टनने रद्द केला आणि तिथेही साबण सामान्य माणसाच्या आवाक्यात आला. अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर न्हाव्याच्या दुकानात नेहमीच्या गिऱ्हाइकाचा स्वतःचा मग ठेवण्याची प्रथा पडली. चिनी मातीच्या त्या मगावर सोनेरी अक्षरांत नाव असे आणि पुष्कळदा धंद्याचे चित्रही असे. खाटकाच्या मगावर बैल, इंजिन चालवणाऱ्याच्या मगावर आगगाडी. भिंतीवरच्या खणांत असे मग रांगेने मांडलेले असत. सामाईक साबणातून दाढीचा संसर्ग पसरतो ही भीती या प्रथेमागे होती. तिचा एक परिणाम असा झाला की वडी एकाच माणसाच्या नावावर आली आणि ती किती दिवस गेली हे दुकानातही मोजता येऊ लागले.

मोजमाप खऱ्या अर्थाने सुरू झाले ते किंग कॅम्प जिलेटच्या रेझरनंतर. १९०३ साली त्याच्या कंपनीचे ५१ रेझर विकले गेले होते. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारने सैनिकांसाठी सुमारे ३५ लाख रेझर आणि ३ कोटी २० लाख पाती घेतली. विषारी वायूपासून बचावाचा मुखवटा चेहऱ्यावर नीट बसण्यासाठी दाढी काढणे भागच होते. आठवड्यातून एक-दोनदा दाढी करणारी पिढी युद्धातून रोज दाढी करण्याची सवय घेऊन परतली. वडी तीच, पण पूर्वी वर्ष-दोन वर्षे जाणारी वडी आता चार-सहा महिन्यांत संपू लागली. दाढीच्या साबणाचे आयुष्य महिन्यांत सांगणे म्हणूनच फसवे आहे. खरे माप दाढ्यांचे, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे जाहिरातदार तेच वापरत.

खंदकात मग आणि वाटी नेता येत नव्हती, तिथे आधीपासून मिळणारी कांडी सोयीची ठरली. बोटाएवढी लांब, गोल साबणाची कांडी धातूच्या डबीत असे. ती ओल्या गालावर फिरवायची आणि ब्रशाने फेस चढवायचा. कांडीची काटकसर मोठी होती, कारण वडीवर ब्रश फिरवताना भांड्यात जो फेस वाया जातो तो इथे जात नाही. कोलगेट कंपनी कांडी, भुकटी आणि क्रीम असे तिन्ही प्रकार बनवत असे. तिन्ही आपलेच असल्यामुळे सल्ला निःपक्षपातीपणे देता येतो, असे सांगून तिने जाहिरातीत कांडीच सर्वांत जास्त पुरते हे मान्य केले. तिच्या कांडीला धातूची मूठ होती. साबण संपत आला की शेवटचा तुकडा काढून, ओला करून नव्या कांडीच्या टोकाला चिकटवायचा, म्हणजे जराही फुकट जात नसे. आपलाच महागडा माल लवकर संपतो असे एखाद्या उत्पादकाने छापून सांगावे, ही व्यापाराच्या इतिहासात विरळ दिसणारी गोष्ट आहे.

क्रीम आल्यावर ही मोजणी वेगळ्या दिशेला वळली. चित्रकारांच्या रंगांसाठी जॉन रँडने १८४१ साली दाबता येणारी धातूची नळी शोधली होती. तिच्यात मऊ पोटॅश साबण भरणे हे पुढचे साधे पाऊल होते. क्रीममध्ये पाणी जास्त, म्हणून त्याच वजनात दाढ्या कमी. वर नळी दाबताना गरजेपेक्षा जास्त बाहेर येते आणि परत आत घालता येत नाही. मग विक्रेत्यांनी नळी किती पुरते यापेक्षा फेस किती टिकतो यावर भर दिला. क्लॉड हॉपकिन्स या अमेरिकी जाहिरातदाराने आपल्या लेखनात पामोलिव्ह क्रीमचे उदाहरण दिले आहे. फेस २५० पट वाढतो, केस एका मिनिटात मऊ होतो आणि फेस गालावर दहा मिनिटे तसाच राहतो, असे नेमके आकडे जाहिरातीत घातल्याने खप झपाट्याने वाढला, असे तो सांगतो. दहा मिनिटे टिकणारा फेस प्रत्यक्षात कोणाच्याही पाच मिनिटांच्या दाढीला पुरून उरतो. तरीही आकड्याचे बळ दिसून आले. गिऱ्हाइकाने महिने मोजणे सोडून मिनिटे मोजायला सुरुवात केली.

त्यापुढचा टप्पा ब्रशच काढून टाकण्याचा. बार्बसोल १९१९ मध्ये आणि बर्मा-शेव्ह १९२५ मध्ये बाजारात आले. यांत स्टिअरिक आम्लाचा बराच भाग साबण न होता तेल-पाण्याच्या मिश्रणात तसाच राहतो आणि फेस येतच नाही. बर्मा-शेव्हच्या रस्त्याकडेच्या तुकड्या-तुकड्यांच्या यमकबद्ध पाट्या १९६३ पर्यंत अमेरिकेत उभ्या होत्या. १९५० च्या सुमारास ‘राइज’ नावाचा डब्यातला तयार फेस आला. बटण दाबताच फेस हातात येतो. पण डब्यात मुख्यतः पाणी असते, ते फुगवणारा वायू असतो आणि साबण थोडाच. डबा महिना-दीड महिन्यात संपतो आणि धातूचा तो डबा फेकावा लागतो. कागदात गुंडाळलेल्या वडीशी तुलना केली तर सोयीची किंमत टिकाऊपणाने चुकवली गेली हे उघड दिसते.

दुसऱ्या महायुद्धात साबण किती दिवस पुरतो हा प्रश्न सरकारी झाला. साबणाची चरबी आणि खाण्याची चरबी एकच, आणि ग्लिसरीन स्फोटकांना लागे. ब्रिटनमध्ये साबणाचे रेशनिंग ९ फेब्रुवारी १९४२ रोजी सुरू झाले, पण दाढीचा साबण त्यातून वगळला होता. जर्मनीत उलट. युद्धाच्या पहिल्याच महिन्यांत पुरुषाला पुढच्या काही महिन्यांसाठी दाढीच्या साबणाची एक कांडी किंवा क्रीमची एक नळी एवढेच मिळेल असा हुकूम निघाला. बर्लिनमध्ये असलेल्या विल्यम शायरर या अमेरिकी वार्ताहराने आपल्या रोजनिशीत त्याची नोंद केली आहे. साबणाच्या रसायनाच्या दृष्टीने पाहिले तर कांडीवाल्याला तो हिशेब काटकसरीने जमण्यासारखा होता, क्रीमच्या नळीत मात्र तेवढे महिने निघणे कठीण.

मुंबईत आणि महाराष्ट्रात दाढीचा साबण घरोघरी पोचला तो विसाव्या शतकात, सलून आणि सेफ्टी रेझर यांच्या सोबतीने. त्याआधी एक अडचण दूर व्हावी लागली. परदेशी साबणात गाई-डुकरांची चरबी असे. अंगाला लावणे निराळे, पण ओठांजवळ फेस जाणारा साबण अशा चरबीचा असावा हे अनेकांना मान्य नव्हते. अर्देशिर गोदरेज यांनी १९१८ च्या सुमारास मुंबईत केवळ वनस्पती तेलांपासून साबण बनवायला घेतला आणि स्वदेशीच्या काळात रवींद्रनाथ ठाकुरांनी त्याच्या जाहिरातीला आपले नाव दिले. प्राण्यांच्या चरबीशिवाय कठीण, स्टिअरिक आम्लाने भरलेला साबण करणे सोपे झाले ते विल्हेल्म नॉर्मन या रसायनशास्त्रज्ञाच्या १९०२ च्या हायड्रोजनीकरणाच्या पेटंटमुळे. पातळ तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करता येऊ लागले. पुढे गोदरेजची दाढीची गोल वडी मराठी घरांत आरशाखालच्या फळीवर दिसू लागली. लिव्हर ब्रदर्सचा शिवडीचा कारखाना १९३४ मध्ये सुरू झाला आणि मुंबई साबणाचे शहर बनली. ठाण्यात पुढे सुपरमॅक्स पाती निघू लागली. वडी, ब्रश, रेझर, तुरटीचा खडा आणि ॲल्युमिनियमची किंवा प्लॅस्टिकची वाटी असे ‘दाढीचे सामान’ प्रत्येक घरातल्या कर्त्या पुरुषाचे स्वतःचे असे आणि इतरांनी त्याला हात लावू नये असा दंडक असे.

दख्खनमध्ये वडी किती पुरते हे पाण्यावर फार अवलंबून असते. बेसाल्ट खडकातल्या विहिरींचे आणि कूपनलिकांचे पाणी बऱ्याच ठिकाणी दुष्फेन असते, म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. साबणातले स्टिअरेट या क्षारांशी मिळून न विरघळणारा पांढरट साका तयार करते. साबणाचा काही भाग फेस होण्याआधीच या साक्यात जातो. नळाच्या मऊ पाण्यात जी वडी पाच महिने गेली असती, ती अशा पाण्यात तीन-चार महिन्यांत संपते आणि फेसही पातळ पडतो. पावसाचे साठवलेले किंवा उकळून निवळलेले पाणी दाढीला घ्यावे हा घरगुती उपाय याच कारणाने लागू पडतो. पाण्याचा तात्पुरता दुष्फेनपणा उकळल्याने जातो, कायमचा जात नाही.

वापरण्याच्या रीतीनेही वडीचे आयुष्य बदलते. वडीवर आधी पाणी ओतून ती भिजत ठेवली तर फेस लवकर येतो, पण वरचा थर लगद्यासारखा होऊन धुतला जातो. ब्रश झटकून, नुसता ओलसर ठेवून वडीवर अर्धे मिनिट फिरवला आणि पाणी नंतर थेंबाथेंबाने वाढवले तर साबण कमी लागतो व फेस जास्त टिकतो. दाढी झाल्यावर वडी उघडी ठेवून वाळू द्यावी. झाकणबंद डबीत कोंडलेली ओली वडी मऊ पडते आणि दुसऱ्या दिवशी ब्रशावर दुप्पट येते. पावसाळ्यात कोकणात हा त्रास विशेष. वडी वापरणाऱ्या सलूनमध्ये मात्र या काटकसरीला जागा नसते. एकाच वाटीतून दिवसभर दाढ्या होत राहतात, वडीला वाळायला वेळच मिळत नाही आणि शेवटी उरलेला तुकडा नव्या वडीखाली दाबला जातो. आजच्या बहुतेक सलूनांत म्हणून क्रीमची नळी किंवा फेसाचा डबा दिसतो.

न वापरलेल्या वडीचे आयुष्य हा तिसरा हिशेब. साबण खवट होतो तो त्यातल्या असंतृप्त मेदाम्लांचे हवेने ऑक्सिडीकरण झाल्यामुळे. वडीवर नारिंगी ठिपके पडतात आणि जुन्या तेलासारखा वास येतो. स्टिअरिक आम्ल संतृप्त असल्याने दाढीचा साबण या बाबतीत भाग्यवान. नीट गुंडाळून कोरड्या, काळोख्या जागी ठेवलेली जुनी वडी कित्येक वर्षांनीही उत्तम फेस देते. आधी उडतो तो सुगंध, त्यातही लिंबू-संत्र्याच्या जातीचा. वडी वर्षानुवर्षे पाणी गमावत राहते, आकसते, कडेने तडकते, पण ती निकामी होत नाही. कोमट पाण्यात क्षणभर बुडवली की पुन्हा कामाला लागते.

कठीण साबण आणि कांडी आजही बनतात. तुर्कस्तानची ७५ ग्रॅमची आर्को कांडी, जर्मनीची १२५ ग्रॅमची टबॅक वडी, लोकरीच्या मेणाने युक्त असा इंग्लंडचा मिचेल्स वूल फॅट हे त्यांतले जुने प्रकार. एकविसाव्या शतकात सेफ्टी रेझर आणि ब्रश पुन्हा वापरणारे लोक अनेक देशांत दिसतात. त्यांतले काही जण दाढीआधी आणि दाढीनंतर वडी तराजूवर ठेवून ग्रॅमचा हिशेब लिहितात. अर्धा ते एक ग्रॅम हा आकडा त्यांच्या वह्यांतही पुन्हा पुन्हा येतो.